निशिगंधाचे कंद, गुलाबाची कलमं, लिली: आपल्या विदर्भात चांगला माल मिळतो तरी कुठं?

सांदवाडी | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आर्वी तालुक्यातल्या एका गावात शाळेवर आहे. दिवाळीत घर बांधून झालं. समोर तीस बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे आणि मागं सांदवाडी. मागं सासूबाईंचं राज्य: वांगी, सांबार (कोथिंबीर), पपई, दोडक्याचा मांडव. तिथं माझं काही चालत नाही. समोरचं मात्र माझं. निशिगंध हवाय, चार-पाच गुलाब हवेत, लिलीचे काही प्रकार हवेत.

आतापर्यंतचा अनुभव ऐका. आठवडी बाजारात एक जण छोट्या हत्तीत रोपं भरून आणतो. त्याच्याकडून फुललेले पाच गुलाब घेतले. चार महिन्याभरात वाळले. पाचवा जोमात आहे, पण फूल नाही. नुसत्या काटेरी फांद्या सरळ वर चालल्यात आणि एकेका पानाला सात-सात पानुल्या.

मग मोबाइलवरून 'हॉलंडचे अस्सल कंद, २५ नग, पाच रंग' मागवले. त्यात ट्यूलिपही होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. भाजीच्या बारक्या कांद्याएवढे कंद, त्यातल्या निम्म्यांना बुरशी. तरी लावले. अकरा दिवसांनी उकरून पाहिलं तर हाताला लगदा. परत करायची मुदत सात दिवसांचीच होती. घरात सगळे मला 'हॉलंडवाली' म्हणतात आता.

माती काळी, सध्या भेगांत हात जाईल अशी. पाणी बोअरचं. कुठं जाऊ, कुणाकडून घेऊ?

बर्डीवाला | १२ एप्रिल, रात्री १०:१५

नागपूरला येणं होत असेल तर महाराजबागेतली नर्सरी पाहा. कृषी महाविद्यालयाची आहे. भाव माफक, आणि 'हे काय आहे' विचारलं तर खरं नाव कळण्याची शक्यता जास्त. चकचकीत माल मात्र दिसणार नाही. बाकी नागपुरात रस्तोरस्ती नर्सऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल इथं बरेच जण बोलतीलच.

पण ताई, एप्रिलात गुलाब घेऊच नका. आणले तर फक्त जाळायला होतील.

काळी_कसदार | १३ एप्रिल, सकाळी ६:०५

ताई, मी अचलपूर तालुक्यातला. अर्ध्या एकरात निशिगंध हाये, माल अमरावतीले जाते. निशिगंधाचा कंद इकत घ्याले दुकानात कायले जाता? जो लावते त्याच्या वावरातून घ्या.

आता कारण आयका. निशिगंध एकदा लावला का तीन वर्सं चालते. मंग खणून काहाडा लागते, नाई तं कंदाईची दाटी होते अन् दांडा बारीक येते. आमी खणतो फेब्रुवारी-मार्चात. एकेका बेटाखाली पंधरा-वीस पिलं निंघतात. आमाले लागतात तेवढी ठेवतो, बाकीचा ढीग धुऱ्यावर पडून राह्यते. कोणी मांगतलं तं किलोनं देतो, शेजाऱ्यापाजाऱ्याले तं अशेच. शहरात तोच कंद सहाचं पाकीट करून इकते.

कंद कसा पाहाचा थे सांगतो:

सुपारीहून मोठा पाह्यजे, दीड ते तीन सेंटीमीटर. चपटा नको, टकळीवानी टोकाकडं निमुळता पाह्यजे. बारीक पिलं घेसान तं पहिल्या वर्सी नुसती पात येईन. बुड दाबून पाहा. मऊ लागलं, काळा डाग दिसला, वास आला का फेका.

अन् सगळ्यात मोठी गोम: ज्या कंदानं एकदा फूल देल्लं थो पुन्हा फूल देत नाई. त्याची पिलं देतात. म्हून कंदाच्या मधात जुन्या दांड्याचा वाळका खुंट दिसला तं थो मोठा असला तरी घेऊ नका. पाकिटात अशेच मोठे-मोठे भरते लोकं, गिऱ्हाईक मोठा पाहून भुलते.

खणलेला कंद तीन-चार आठवडे सावलीत पसरून वाळू द्या लागते. ताजा ओला लावसान तं सडते. लावाच्या आधी बाविस्टिन (बुरशीनाशक) लिटरले २ ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. हातात मोजे घाला. दोन-अडीच इंच खोल, दोन कंदाईत वीतभर अंतर. आता एप्रिल-मे हाच टाइम हाये. तीन-चार महिन्यानं दांडे चालू होतात.

मुक्काम_पुणे | १३ एप्रिल, सकाळी ११:३०

ट्यूलिप अगदीच अशक्य नाहीत बरं. कंद फ्रीजमध्ये ठेवून मग कुंडीत लावले तर येतात. मी डिसेंबरात केलं होतं, सातपैकी तीन फुलले.

सडेतोड | १३ एप्रिल, दुपारी १२:०२

सातपैकी तीन, पुण्याच्या डिसेंबरात! आणि ताई मार्चमध्ये आर्वीला बसल्यात.

ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते, मग कुठं आतला फुलाचा दांडा लांब होतो. श्रीनगरच्या बागेतसुद्धा कंद नेदरलँड्सहून आणतात. आपल्याकडं फ्रीजमधून काढला, कसाबसा एकदा फुलवला, तरी तो कंद पुढच्या वर्षासाठी टिकत नाही. म्हणजे दर वर्षी विकत घ्या, दर वर्षी फ्रीजमधली भाजी बाहेर काढा. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ ही तीन नावं ज्या पाकिटावर असतील ते विदर्भात घ्यायचंच नाही, इतका सोपा नियम ठेवा. निळ्या गुलाबाचं 'बी', इंद्रधनुषी गुलाबाचं 'बी' हेही त्याच माळेतलं. खरा निळा गुलाब निसर्गात नाहीच, आणि नावाजलेला गुलाब बियापासून तसाच्या तसा येत नाही, त्याचं बहुतेक डोळा भरून कलम करतात.

आता रोपांचं. आपल्या भागातल्या बहुतेक नर्सऱ्यांत माल कुठून येतो ठाऊक आहे? आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, तिथं नर्सऱ्यांची अख्खी पंचक्रोशी आहे. नाही तर पुण्याजवळचं उरुळी कांचन, सोरतापवाडी. तिथून ट्रक निघतो, नागपुरात उतरतो, तिथून तालुक्याला, तिथून छोट्या हत्तीत. तुमच्या बाजारातला गुलाब चार ठिकाणी चढला-उतरला असेल. म्हणून 'कुठली नर्सरी चांगली' हा प्रश्नच चुकीचा आहे. सगळ्यांकडं एकाच ट्रकचा माल.

हिरवी_नेट | १३ एप्रिल, रात्री ८:५०

सडेतोड, अर्धं खरं बोललात. मी नर्सरीवाला आहे (गाव सांगत नाही, जाहिरात नको). ट्रक सगळ्यांकडे येतो, कबूल. फरक ट्रक उतरल्यानंतर पडतो.

तिकडं रोप दमट हवेत, नेटखाली, रोज फवारणी घेऊन वाढलेलं असतं. ट्रकमध्ये दोन-तीन दिवस अंधारात. आपल्याकडं उतरलं की कोरडी हवा. पहिल्या पंधरा दिवसांत ते पानं टाकणारच. जो नर्सरीवाला ट्रक उतरला की दुसऱ्या दिवशी विकून मोकळा होतो त्याचं रोप तुमच्या दारात येऊन पानं टाकतं आणि तुम्ही म्हणता मरकं दिलं. मी नवा माल तीन आठवडे नेटखाली, मग आठ दिवस अर्ध्या उन्हात ठेवतो. त्यात काही मरतात, तो तोटा माझा. म्हणून माझा गुलाब वीस रुपयांनी महाग पडतो. गिऱ्हाईक मात्र फूल असलेलं ताजं रोप उचलून बाजारातल्याकडून नेतं.

तेव्हा नर्सरीत गेलं की पहिला प्रश्न विचारा: 'माल कधी उतरला?' दुसरा प्रश्न: 'यातलं मागच्या उन्हाळ्यापासून इथं असलेलं कोणतं?' दिसायला ते राकट असेल, पानं कमी, पिशवी मळलेली, तळातून मुळी बाहेर डोकावतेय. तेच घ्या. ज्यानं आपला एक मे काढला ते दुसराही काढतं.

फक्त पिशवीत मुळ्यांचा गोल-गोल गुंडाळा झालेला नसावा. शंका आली तर माझ्यासमोर पिशवी उतरवून पाहा, मला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून घेऊ नका.

सांदवाडी | १३ एप्रिल, रात्री ९:३०

बाप रे, एका दिवसात एवढं! हिरवी_नेट दादा, 'मागच्या उन्हाळ्यापासूनचं कोणतं' हा प्रश्न मला सुचलाच नसता. मी तर सगळ्यात टवटवीत कोणतं ते शोधत होते.

काळी_कसदार भाऊ, तुमच्याकडचे कंद उरलेत का? आणि माझ्या त्या सात पानुल्यांच्या गुलाबाचं काय करू?

हिरवी_नेट | १३ एप्रिल, रात्री १०:१०

कलमाचा गुलाब दोन झाडांचा असतो. खाली रानटी खुंट, वर चांगल्या जातीचा डोळा. डोळा वाळला, खुंट जगला. तुमच्याकडं वाढतोय तो खुंट. सात पानुल्या ही खूण बरी आहे पण पक्की नाही, काही चांगल्या जातींनाही सात येतात. बुंध्याशी जोडाची गाठ शोधा. फांदी गाठीच्या खालून आली असेल तर रानटी. गाठीच्या वर जिवंत काही असेल तर खालचे फुटवे मुळापासून ओढून काढा, नुसते छाटू नका. वर काहीच जिवंत नसेल तर धुऱ्यावर लावून द्या, कुंपण होईल.

घेताना गाठ पाहायची, ती मातीत पुरलेली नसावी. गुलाबाची खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. छाटणीही तेव्हाच.

काळी_कसदार | १४ एप्रिल, सकाळी ५:५०

हायेत ना ताई. दोन-तीन किलो सहज निंघन. मार्चातच खणले, कोठ्यात पसरून हायेत, म्हंजे वाळून तयार. पैसे नका देऊ, फोडणीचे पोहे खाऊ घाला कवाबी. आर्वीची बस अमरावतीवरून हायेच. व्यनि (खासगी निरोप) करा.

जात इचारसान तं सिंगल हाये, प्रज्वल. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची. शृंगार अन् मेक्सिकन सिंगल यायच्या संकरातून केलेली. कळीले थोडी गुलाबी झाक असते. त्याईचीच सुवासिनी डबल हाये, वैभव अर्धी डबल. राहुरीची फुले रजनी बी लोकं लावतात. डबल गुलदस्त्याले बरी, पण सुगंध पाह्यजे असन तं सिंगल. आंगणात बाज टाकून झोपता तवा समजते.

मोगरा_दारव्हा | १४ एप्रिल, दुपारी ३:२०

ताई, तुम्ही विकत घ्यायच्या मागं का लागल्या? मी साठी ओलांडलेली बाई, माझ्या अंगणातली निम्मी झाडं मागून आणलेली आहेत. आमच्या आई म्हणायच्या, मागून आणलेलं झाड लागतं. (चोरून आणलेलं अजून लवकर लागतं असंही म्हणायच्या, पण ते सोडा.)

मोगरा, जाई, जुई, कुंदा, कण्हेर, जास्वंद, तगर, रातराणी हे सगळं फांदीवरून येतं. पाऊस लागला की पेन्सिलीएवढी जाड फांदी, वीतभर, खालचा छेद तिरपा, दोन डोळे मातीत आणि दोन वर. मोगऱ्याची जमिनीलगतची फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबून वर दगड ठेवला तरी दीड-दोन महिन्यांत मुळ्या येतात. यासाठी कुणी शंभर रुपये देतं का?

लिलीचं म्हणाल तर तुमच्या गावात पाहिलंत का आधी? जुन्या वाड्यांच्या तुळशीजवळ, मारुतीच्या पाराशी, शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती असतेच. पावसाळी लिलीचे गुलाबी, पांढरे, पिवळे गुच्छ. पहिला वळवाचा पाऊस पडला की चौथ्या-पाचव्या दिवशी फुलं. फुटबॉल लिली मेमध्ये पानांच्या आधी लाल चेंडू काढते, तिला झाडाखालची अर्धी सावली द्या. नागदवणा, पांढरी स्पायडर लिली, कर्दळ. आणि भुईचाफा. भुईचाफ्याचं पान नसतानाच जमिनीतून जांभळट-पांढरं फूल वर येतं, पाहिलं की माणूस खाली बसतो. हे सारं आपल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं. गर्दी झाली की घरधनीण स्वतःच उपटून उकिरड्यावर टाकते. त्या दिवशी तुम्ही तिथं असायला हवं एवढंच.

सडेतोड | १४ एप्रिल, दुपारी ४:००

काकूंना दंडवत. हिरवी_नेट यांचा 'एक उन्हाळा काढलेलं' हा नियम तुम्ही 'साठ उन्हाळे काढलेलं'पर्यंत नेला. मी माझा वरचा प्रतिसाद थोडा मागं घेतो: प्रश्न दुकानाचाच नाही.

मोगरा_दारव्हा | १४ एप्रिल, दुपारी ४:२५

थोडाच का, पूर्ण घ्या.

पूर्णाकाठ | १५ एप्रिल, रात्री ८:१५

धाग्याची वाखूण साठवली. पण आम्हा खारपाणवाल्यांचं कुणीच बोललं नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्यातला पूर्णेचा पट्टा, बोअरचं पाणी खारं. वीस वर्षांत मी किती गुलाब मारले असतील! पानांच्या कडा करपतात, वर पांढरा थर येतो, आणि लोक म्हणतात खत कमी पडलं. खत टाकलं की अजून लवकर मरतं.

ताई, तुमचं पाणी बोअरचं आहे तर आधी तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात माती-पाण्याची तपासणी होते, तुम्हाला सेलसुऱ्याचं केंद्र जवळ. घरगुती खूण म्हणजे कूलर. कूलरच्या गवतावर, लोखंडावर उन्हाळ्याअखेर किती पांढरं साचतं ते पाहा. आणि एक हात जोडून सांगणं: कूलरच्या तळातलं उरलेलं पाणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतो, म्हणजे ते मूळ बोअरपेक्षाही खारट. माझ्या घरी तीन कुंड्या अशाच गेल्या, आणि ओतणारा मीच.

आमच्याकडं टिकलेलं: कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, स्पायडर लिली, नागदवणा. ग्लॅडिओलसला खारं पाणी अजिबात चालत नाही, त्या भानगडीत मी पडत नाही. गुलाब दोनच ठेवलेत, छपराच्या पन्हाळीचं पाणी टाकीत साठवून त्यांच्यापुरतं ठेवतो. बायको म्हणते, आपल्याला प्यायला बोअर आणि गुलाबाला पावसाचं.

वैनगंगा | १६ एप्रिल, सकाळी ७:४५

आमच्या गडचिरोली-भंडाऱ्याकडं जमीन निराळी, पण एक सांगायचं आहे. जंगलातून कंद उकरून आणायचा मोह होतो. पावसात कळलावी फुलली की लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी दिसते, रानहळदीची गुलाबी फुलं पाहून थांबल्याशिवाय राहवत नाही. बाजारातही कुणी कुणी आणून विकतं. घेऊ नका जी. उकरलेला कंद पुष्कळदा तुटलेला असतो, जगत नाही, आणि रान मात्र रिकामं होतं.

कळलावी सगळीच्या सगळी विषारी आहे, कंद तर फारच. नांगरासारखा दुबेळका असतो, जुन्या ग्रंथांत 'लांगली' म्हणतात ते त्यामुळंच. तमिळनाडूत तिची बियांसाठी शेती होते, तिथला लागवडीचा कंद मिळू शकतो. पण घरात लहान लेकरू किंवा दारात वासरू असेल तर नकोच. शाळेत तर मुळीच नको.

बर्डीवाला | १६ एप्रिल, सकाळी १०:३०

अवांतर: फुलांबरोबर दोन संत्री-लिंबाची झाडं घेणार असाल तर तिथं नियम वेगळा. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ चा कायदा आहे, परवाना लागतो. पावती मागा, तिच्यावर जात आणि खुंट लिहून घ्या. संत्र्याला खुंट जंबेरी किंवा रंगपूर लाईम असतो. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्रा कलमांसाठी प्रसिद्ध आहेच. आणि नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथं रोगमुक्त कलमं मिळतात, आधी नोंदणी करावी लागते. चुकीचं कलम घेतलं तर पाच-सहा वर्षांनी बुंध्याला डिंक सुटल्यावर कळतं. फुलझाडाला असा परवाना-बिरवाना नाही, तिथं आपले डोळेच परवाना.

काळी_कसदार | १६ एप्रिल, रात्री ९:००

बर्डीवाले भाऊ बराबर बोलले. माया चुलत्यानं रस्त्यावरून स्वस्तात दीडशे कलमं घेतले होते. आठव्या वर्सी बाग तोडली. आता त्या वावरात तूर हाये. जाऊ द्या.

हिरवी_नेट | १७ एप्रिल, दुपारी १:१०

जाता जाता मातीचं, कारण नव्वद टक्के शिव्या आम्हाला यासाठीच बसतात. कडियमचं रोप चिकट मातीच्या गोळ्यात येतं. तो गोळा जसाच्या तसा आपल्या काळ्या मातीत पुरला की दोन्हींचं जमत नाही. उन्हाळ्यात गोळा आकसतो, पाणी कडेनं निघून जातं, मुळी कोरडी. पावसाळ्यात काळी माती फुगते, खड्डा म्हणजे हौद, मुळी कुजते. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरचा थर बोटांनी हलका मोकळा करा.

कंदांसाठी काळ्या मातीत खड्डा करायचाच नाही, वर चढायचं. फूटभर उंच गादीवाफा, काठाला विटा. काळी माती एक टोपलं, वाळू किंवा बारीक मुरूम एक, कुजलेलं शेणखत एक. कच्चं शेणखत टाकलं की उधई (वाळवी) आलीच समजा.

आणि नवं रोप घरी आणलं की लगेच लावू नका. आठ-दहा दिवस कडुलिंबाखाली ठेवा, पान उलटून पिठ्या ढेकूण पाहा, पिशवीत लव्हाळा असेल तर गाठीसकट काढा. तो एकदा अंगणात शिरला की नातवंडांपर्यंत पुरतो.

सांदवाडी | २१ मे, रात्री ९:१५

प्रगती कळवते. काळी_कसदार भाऊंची चुंगडी बसच्या वाहकाकडून आली, पाऊण भरलेली! दोन-तीन किलो म्हणाले होते. गादीवाफा केला, वाळू महाग म्हणून घरबांधणीतला उरलेला मुरूम चाळून वापरला. दीडशे कंद लावले, जुना खुंट असलेले वेगळे काढले (भाऊ, तुमच्यातही सतरा निघाले बरं का). उरलेले शेजारी वाटले.

पाणी सेलसुऱ्याला तपासलं. फार वाईट नाही, पण क्षार आहेच. गुलाबांसाठी पन्हाळीचं साठवायचं ठरवलं. कूलरचं पाणी कुंडीत ओतणं सासूबाईंना थांबवायला सांगितलं, त्यावर 'चाळीस वर्षं ओततेय' असं उत्तर मिळालं. पूर्णाकाठ दादा, तुमचं नाव सांगितलं, तरी काही उपयोग नाही.

गावात लिली शोधली. शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती चार वर्षं मी रोज उभी राहतेय, तिथंच होती. पानं नव्हती म्हणून दिसली नाही कधी.

काळी_कसदार | २२ मे, सकाळी ६:००

सतरा निंघाले तं माया लहान्या पोट्ट्याले चुंगडी भराले सांगतली होती, थो मोठे-मोठे पाहून भरला असन. त्याईलेबी फेकू नका, बाजूले लावा. पिलं धरन.

मोगरा_दारव्हा | २२ मे, सकाळी ११:००

ध्वजस्तंभाजवळची सगळी उपटू नका हो, थोडी मुलांना ठेवा. पहिल्या पावसानंतर फुलली की वर्गात विचारा, कुणाच्या घरी कोणता रंग आहे ते. तुमची बाग तिथंच भरेल.

ग्लॅड_२ | ४ जुलै, दुपारी २:४०

उशिरा आलो. ग्लॅडिओलसचा विषय अर्धवट राहिला म्हणून. आमच्याकडं तो हिवाळी कंद आहे, लावणी ऑक्टोबर, दांडा साठ-नव्वद दिवसांत. कंद चार-पाच सेंटीमीटरचा, जाडसर, उंच घुमट असलेला घ्या. पसरट चपटा म्हातारा असतो. वरची साल काढून पाहा, तपकिरी खड्डे असले तर मर रोग आहे. ताजा खणलेला कंद तीनेक महिने झोपलेला असतो, शीतगृहातून काढलेला आणि कोंबाचं टोक दिसणारा हवा. कालिम्पाँगकडचा माल देशभर जातो. राहुरीच्या विद्यापीठाच्या जाती 'फुले' नावानं येतात, फुले गणेश, फुले प्रेरणा वगैरे. मी अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत चौकशी करतो, आणि नागपूरच्या अॅग्रोव्हिजन कृषी प्रदर्शनात विकणाऱ्यांचे कंद हातात घेऊन पाहतो. पोस्टानं आलेला कंद हातात घेऊन पाहता येत नाही, तिथंच सगळं हुकतं.

फुलून गेल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पानं पिवळी पडली की खणा. आपल्या मे महिन्यात घरात ठेवलेला कंद सुकून खारीक होतो. वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. होय, भाजी बाहेर काढावी लागते.

सडेतोड | ४ जुलै, दुपारी ३:००

म्हणजे फ्रीज शेवटी लागलाच. मुक्काम_पुणे, माफी.

सांदवाडी | ११ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मध्यंतरी निवडणुकीच्या याद्या आणि परीक्षा, येणं झालं नाही.

निशिगंधाचे दांडे भाद्रपदात सुरू झाले, बरोबर महालक्ष्म्यांच्या आधी. सासूबाईंनी न विचारता अकरा दांडे कापून मखराला लावले आणि आलेल्या प्रत्येक बाईला 'आमच्या घरचे' म्हणून दाखवले. 'हॉलंडवाली' हा शब्द त्या दिवसापासून बंद आहे. दीडशेपैकी एकशे बारा फुटले. जे सडले ते सगळे वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यातले, तिथं विटांना पाणी जायला फट ठेवायची राहिली होती.

वर्गात विचारल्यावर पिवळी पावसाळी लिली, फुटबॉल लिली आणि नागदवणा आला. एका मुलीनं प्लॅस्टिकच्या डब्यात भुईचाफ्याचा गड्डा आणला, तिच्या आजीनं दिलेला. काकू, पाहिलं की खाली बसायला होतं म्हणालात ते कळायला आता पुढचा उन्हाळा.

परवा गुलाब घ्यायला आर्वीच्या नर्सरीत गेले. मालक नवा ट्रक दाखवत होता, सगळे फुललेले. मी विचारलं, मागच्या उन्हाळ्यापासूनचं काही आहे का? तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मागं, टाकीच्या आडोशाला नेलं. चार धुळकट गुलाब होते, न विकलेले. एकाची पिशवी फाटून मुळी खालच्या जमिनीत गेलेली. तेच चार घेतले, निम्म्या भावात दिले त्यानं. रंग कोणते ते त्यालाही आठवत नव्हतं.

हिरवी_नेट | ११ ऑक्टोबर, रात्री ९:०५

जमिनीत गेलेली मुळी तोडून आणलीत ना? मग त्या एकाला महिनाभर सावलीतच ठेवा, फांद्या तिसरा हिस्सा छाटा. बाकी तीन दहा दिवसांनी लावायला हरकत नाही. रंग डिसेंबरात कळवा.

काळी_कसदार | १२ ऑक्टोबर, सकाळी ५:४५

थो खालचा कोपरा आत्ताच फोडा ताई, परतीचा पाऊस अजून गेला नाई. अन् आर्वीच्या बशीत परवा एक पिशवी देतो वाहकाजवळ. यंदा डबलचे थोडे आणले, तुमच्या सासूबाईच्या नावानं.